पश्चिमेची काच आणि तीस वर्षांचे बिल

महोदय,

नागपुरात बांधकामाचा हिशेब अजूनही चौरस फुटाच्या दरावर थांबतो. टेंडर सर्वांत कमी दराला जाते. पुढची तीस वर्षे इमारत वीज आणि दुरुस्तीला किती खाणार, हे अंदाजपत्रकात कोणी विचारत नाही.

पश्चिमेला काचेची भिंत असलेली कार्यालये पाहा. मे महिन्यात दुपारी चारच्या सुमारास उभ्या काचेच्या दर चौरस मीटरवर साधारण ६०० वॅट ऊन पडते आणि साधी काच त्यातले ८० टक्के आत सोडते. १० चौरस मीटर काच म्हणजे ४.८ किलोवॅट उष्णता. एक टनाचा एसी ३.५ किलोवॅट उचलतो, म्हणजे जवळपास दीड टन फक्त या काचेपायी. ही उष्णता काढायला एसीची रोज ५ युनिट वीज, उन्हाळ्याचे १०० दिवस आणि युनिटला १० रुपये दर धरला, तर तीस वर्षांत दीड लाख. दहा-बारा वर्षांनी नवा एसी घ्यावा लागतो तो वेगळाच. छज्जा इथे फारसा उपयोगी नाही, कारण सायंकाळचे ऊन तिरपे येऊन थेट आत घुसते. उभ्या पट्ट्या किंवा जाळी लागते. नाहीतर त्या अंगाला जिना, संडास, स्टोअर टाका. नकाशा काढतानाच ठरवले तर हा बदल फुकटात होतो.

शिवाय ही काच उघडत नाही. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत दोनशे वॅटचा कूलर छान काम करतो, पण आत आलेली हवा बाहेर जायला वाट हवी. ती नकाशातच बुजवली की एसीशिवाय इलाज उरत नाही.

घरोघरी कूलर आहे, तरी नकाशात त्याला जागा नसते (आपल्या शहरात हे नवलच!). मग खिडकीबाहेर लोखंडी स्टँड येतो, त्यासाठी भिंतीला भोके पडतात आणि टाकी भरून वाहिली की पाणी भिंतीवरून उतरते. उन्हाळाभर रोज ओल. ती छज्ज्यातल्या सळईपर्यंत पोचली की गंज फुगतो, मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा घेतो आणि काँक्रीटची ढलपी निघते. तिसऱ्या मजल्यावर ते दुरुस्त करताना मालापेक्षा परांचीचाच खर्च जड होतो. बांधतानाच सिमेंटचा ओटा, त्याला बाहेरच्या बाजूला उतार, निचऱ्याचा पाईप, नळ आणि प्लग पॉइंट दिला तर खर्च किरकोळ.

गच्चीचेही तेच. २६ मेच्या आसपास इथे सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर असतो, त्यामुळे सर्वाधिक ऊन छत झेलते. पाणी निघून जायला १०० ला १ उतार, कठड्याच्या कोपऱ्यांत गोलाई आणि ऊन परतवायला वर पांढरा चायना मोझॅक (चकचकीत फरशीचे तुकडे), एवढे तरी हवेच.

महापालिका आणि सार्वजनिक बांधकाम विभागाने अंदाजपत्रकात पहिल्या खर्चाशेजारी वीज, रंग, वॉटरप्रूफिंग आणि यंत्रबदल यांचा ३० वर्षांचा रकाना ठेवावा आणि नकाशा मंजूर करण्यापूर्वी तो भरून घ्यावा. खासगी मालकांनी हेच आकडे आर्किटेक्टकडे पहिल्याच बैठकीत मागावेत.

– एक स्थापत्य अभियंता, नागपूर