फ्रीजरच्या झाकणावर बसलेल्या मामांना

मामा, सलाम आणि नमस्कार, दोन्ही.

त्या रात्री मी आभार मानायला लागले तेव्हा तुम्ही नुसती मान हलवली आणि स्कुटीला किक मारली. तेवढ्यानं माझं भागलं नाही, म्हणून हे लिहितेय. तुमच्या घरातलं कुणीतरी मोबाइलवर दाखवेलच तुम्हाला.

फ्रीजर दुरुस्त करायला तुम्ही आलात तेव्हा आमच्या दारात जत्रा का भरली होती, हे तुम्हाला कुणी धड सांगितलंच नाही. सात घरांनी मिळून एक हल्या, म्हणजे रेडा, घेतला होता. कुर्बानीच्या मोठ्या जनावरात सात हिस्से चालतात, आणि २०१५ च्या गोवंश हत्याबंदीच्या कायद्यानंतर गाय-बैलाचा प्रश्नच उरला नाही. गरिबांचा वाटा ईदेच्याच दिवशी वाटून झाला. उरलेलं सगळं त्या एका फ्रीजरात, किलोकिलोच्या चपट्या पिशव्या करून, वर घरांची नावं लिहून रचलेलं. घरच्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात मावून मावून किती मावणार? म्हणून तर वर्गणी काढून हा ३०० लिटरचा डबा आणला. खिमा तीन-चार महिने आणि बोट्या त्याहून जास्त टिकतील, असा सगळ्यांचा हिशोब होता. फुफीचा, म्हणजे माझ्या आत्याचा, मुलगा पुण्यात कंपनीत आहे, त्याला ईदेला सुट्टी मिळाली नाही. तिनं आपल्या पिशव्यांतली एकही अजून शिजवली नव्हती.

आणि मग ते वादळ. लाइट गेली, आली, बल्ब पांढराफट पडला, परत गेली. मधल्या त्या पाच मिनिटांत फ्रीजर नुसता टकटक करत राहिला, चालू काही झाला नाही.

ज्यानं तो विकला त्या दुकानदाराला फोन केला. घेताना हाच माणूस म्हणाला होता, "रात्री बाराला फोन करा ताई, माणूस हजर." आता म्हणाला, "गॅरंटी कंप्रेसरची आहे, लाइटची नाही. मंगळवारी बघू." नंतर फोन बंद. बर्फवाल्यानं आमची गरज ओळखून लादीचा भाव दुप्पट सांगितला. आणि आमच्याच नात्यातलं एक घर, इन्व्हर्टर आहे, दोन दारांचा नवाकोरा फ्रीज आहे, त्यांनी कळवलं की मोठ्याचं ठेवलं तर फ्रीजला वास लागतो. दरवर्षी आमच्याकडे बसून बोटं चाटतात तेव्हा हा वास कुठं जातो, अल्लाह जाणे.

फुफीनं तर हळद-मीठ काढून दोरी शोधायला घेतली होती. तिच्या लहानपणी कुठला फ्रीज? मांसाच्या लांब पट्ट्या कापायच्या, हळद-मीठ चोळून माळवदावर वाळवायच्या, चान्या करून गाडग्यात भरायच्या. पण त्याला रोहिणीचं कडक ऊन लागतं. बाहेर पाऊस कोसळत होता आणि हवेत इतका दमटपणा की पापडसुद्धा मऊ पडला असता.

अशात तुम्ही आलात. कोपऱ्यावरच्या किराणावाल्यानं तुम्हाला फोन केला म्हणून. ना तुमची आमची ओळख, ना तुम्ही आमच्याकडून कधी एक रुपया घेतलेला. बॅटरी दातात धरून मागे वाकलात, कसला तरी जळलेला तुकडा काढलात, खिशातून दुसरा बसवलात. त्यातलं मला काही कळलं नाही आणि ते सांगायला मी बसलेही नाही.

मला सांगायचंय ते पुढचं. लाइट अजून यायची होती. सात घरांतले सगळे येऊन येऊन झाकण उचलून बघत होते. माझी पिशवी कुठंय, मऊ पडली का, पाणी सुटलं का. तुम्ही एकदा म्हणालात, "कामून उघडू लालेत सारखं? आतली गारच त्याला सांभाळतीय. बंद ऱ्हायलं तर उद्या रातीपर्यंत काही होत नाही. गच्च भरलेला असता तर दोन दिवस बी निघाले असते." कुणी ऐकेना. भीती वाटली की माणूस बघतोच. मग तुम्ही काहीच बोलला नाहीत. आमच्याकडून गोधड्या मागून घेतल्यात, फ्रीजर चहूबाजूंनी गुंडाळलात, मागची जाळी तेवढी मोकळी ठेवलीत आणि सरळ चढून झाकणावर मांडी घालून बसलात. म्हणालात, "आता चहा आणा."

फुफी हसली मामा. संध्याकाळपासून पहिल्यांदा. सगळी गल्ली हसली, आणि हसून झाल्यावर एकेक जण घरी निघून गेला. तुम्ही मात्र पहाटे लाइट येऊन फ्रीजर घुमायला लागेपर्यंत तिथंच बसून होतात. उतरलात, कंप्रेसरला हात लावून बघितलंत, आणि गोधड्या आधी काढायला लावल्यात.

चहाचा कप देताना तुमच्या गळ्यातली माळ मला दिसली. तुम्ही त्यावर काही बोलला नाहीत, म्हणून मीही बोलत नाही.

माझे अब्बा म्हणायचे, मदत करणारे दोन जातीचे असतात. एक मदत करून तुम्हाला लहान करून जातो, दुसरा गेल्यावर कळतं की अरे, याला पाणीसुद्धा विचारलं नाही. आपल्या मराठवाड्यात दुसऱ्या जातीची माणसं अजून बरीच आहेत. दुष्काळात ज्याच्या बोअरला पाणी असतं तो रात्री मोटर चालू ठेवून झोपतो, गल्लीनं भरून घ्यावं म्हणून. अशांच्या दारावर पाटी नसते. पाट्या असतात त्या त्या दुकानदारांच्या, "ग्राहक हाच देव" लिहिलेल्या.

फुफीचा मुलगा रविवारी येऊन गेला. दोन पिशव्या शिजल्या, दोन त्यानं बर्फाच्या डब्यात घालून पुण्याला नेल्या. फ्रीजरात जी जागा रिकामी झाली तिथं तुम्ही सांगितल्याप्रमाणे पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवल्यात, पुढच्या वेळी लाइट गेली तर गारवा धरून ठेवायला.

त्या तुकड्याचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. ते आम्हाला मान्य नाही, सातही घरांनी ठरवून काढून ठेवलेत. तुमचा पक्कड आणि टेस्टर आमच्या खिडकीत राहिलाय, तो न्यायला याल तेव्हा द्यायचेत. शिरखुर्मा करते, तो तर चालेल ना? आणि वाटेत तो दुकानदार भेटला तर त्याला म्हणावं, मंगळवारी माणूस पाठवू नको.