सूर्यमालेची अंतरे मैदानावर दाखवावीत
मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळेतल्या भिंतीवरच्या तक्त्यात आठही ग्रह सूर्याला खेटून एका ओळीत काढलेले असतात आणि मुलांच्या मनात तेच चित्र कायमचे ठसते. म्हणून गेल्या रविवारी आम्ही वस्तीतल्या मुलांना मैदानावर नेले. 14 सेंटिमीटरचा चेंडू सूर्य मानला, तर पृथ्वी मोहरीच्या बारीक दाण्याएवढी ठरते आणि तो दाणा 15 मीटरवर ठेवावा लागतो. गुरू 78 मीटरवर, कुंपणापाशी गेला आणि नेपच्यूनसाठी 450 मीटर चालत थेट एसटीच्या थांब्यापर्यंत जावे लागले.

“एवढ्या लांबून सूर्य धरून कसा ठेवतो?” असे एका मुलीने विचारले, आणि खरा धडा तिथेच सुरू झाला. सूर्याचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीला सतत आत ओढते. परंतु ती सेकंदाला सुमारे 30 किलोमीटर वेगाने आडवी धावत असल्यामुळे सूर्यात न पडता त्याच्याभोवती फिरत राहते, हे गोफणीतल्या दगडावरून मुलांना चटकन उमगले. दूरच्या नेपच्यूनला ही ओढ क्षीण मिळते, म्हणून तो संथ चालतो आणि त्याच्या एका फेरीला सुमारे 165 वर्षे लागतात.

तक्त्यांवर ‘अंतरे प्रमाणात नाहीत’ असे ठळक छापावे आणि शाळांनी या पाठाचा निदान एक तास मैदानावर घ्यावा, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका