घाटात बसलेले इंजिन आणि नाकारलेली वॉरंटी

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख, ट्रक विभाग

विषय: वॉरंटीत असलेल्या इंजिनाची दुरुस्ती नाकारल्याबद्दल तक्रार

महोदय,

माझा घोडा, म्हणजे कंटेनरचा ट्रेलर ओढणारा ट्रक, गेले ४१ दिवस तुमच्या तळोज्याच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये हेड (इंजिनाचा वरचा भाग) खोलून उभा आहे. काल तिथून फोन आला की डिझेल भेसळीचे होते, वॉरंटीत बसत नाही, ६ लाख ४० हजारांचे एस्टिमेट मंजूर करा. हेच लेखी द्या म्हटले, तर साहेब मीटिंगमध्ये गेले.

न्हावाशेव्याहून चाकणचा कंटेनर घेऊन निघालो होतो. खोपोली सोडून बोरघाट चढताना इंजिन ठोकू लागले, मागे पांढऱ्या धुराचा लोट, आणि दोन वळणांत गाडी बसली. रात्रभर दगड लावून घाटात थांबलो. क्रेनचे पैसे माझे, कंटेनर उशिरा पोचल्याचा दंडही माझाच.

वर्कशॉपने हेड माझ्यासमोर खोलले. सहापैकी फक्त चौथ्या पिस्टनला भोक, बाकी पाच ठणठणीत. कॉमन रेल या सामाईक नळीतून सहाही नोझलना (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोट्यांना) एकच डिझेल जाते, हजार बारच्या वरच्या दाबाने. मग भेसळ एकाच सिलिंडरला कशी बाधली? नोझल उघडे अडकून डिझेल गळत राहिले की पिस्टन असाच जळतो, हे कळंबोलीच्या स्टील मार्केटमधला कोणताही मिस्त्री सांगेल. डिझेलचा नमुना तुमच्या माणसांनी नवव्या दिवशी घेतला. मी हजर नव्हतो, बाटलीला सील नव्हते, आणि अहवाल मला आजवर दाखवलेला नाही.

खरा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. गाडी बसण्याच्या तीन आठवडे आधी मी याच वर्कशॉपमध्ये गेलो होतो. चेक लाइट लागतो, पिकअप पडले आहे, गार इंजिन खडखडते, असे तिन्ही मुद्दे जॉबकार्डवर लिहून घेतले होते. नोझल तपासले नाहीत. लॅपटॉप लावून सॉफ्टवेअर अपडेट केले आणि "बीएस ६ गाड्या अशाच वाजतात" म्हणून पाठवून दिले. बीएस ६ हे धुराच्या प्रदूषणाचे मानक एप्रिल २०२० पासून रस्त्यावर आहे. एवढ्या वर्षांत हे कारण जुने झाले. शोरूममध्ये याच इंजिनाच्या ताकदीचे गोडवे गाणारे गृहस्थ आता माझा फोन उचलत नाहीत.

भेसळ टिकेना, तेव्हा ओव्हरलोडची शंका निघाली. मालाच्या वजनाची, वजनकाट्याची पावती सोबत जोडली आहे. सर्व सर्व्हिसिंग तुमच्याकडेच झाले आहे, गाडी १ लाख ८४ हजार किलोमीटर चालली आहे आणि वॉरंटीची मुदत अजून बाकी आहे.

"व्यावसायिक गाडीला ग्राहक कायदा लागत नाही" असेही मला ऐकवण्यात आले. माझ्याकडे हा एकच घोडा आहे आणि तो मी स्वतः चालवतो. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये व्यावसायिक कारणासाठी घेतलेली धरत नाहीत.

इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली नोंद, डिझेलचा अहवाल आणि नकाराचे कारण मला १५ दिवसांत लेखी द्यावे, आणि दुरुस्ती वॉरंटीत करावी. बुडालेल्या ४१ दिवसांच्या भाड्याचा हिशेब वेगळा पाठवतो. उत्तर आले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि मग अलिबागला जिल्हा ग्राहक आयोगात जाईन.

तोवर जळका पिस्टन आणि चौथे नोझल जपून ठेवावे. भंगारात गेले असे मला ऐकायचे नाही.

आपला,
वाहनमालक व चालक
कळंबोली, नवी मुंबई

सोबत: दोन्ही जॉबकार्डे, काट्याची पावती, डिझेलची बिले, पिस्टनचे फोटो