सांता मोनिकाकडेही वळा

महोदय,

जुन्या गोव्यात सगळी गर्दी बॉम जेझस बासिलिका या प्रसिद्ध चर्चमध्ये. टेकडीवरच्या सांता मोनिका मठाकडे फारसं कुणी फिरकत नाही. नन्ससाठी १६०६ मध्ये सुरू झालेली ही इमारत १६२७ ला पुरी झाली. १६३६ ला आग लागली, तरी पुन्हा उभी राहिली. जांभ्याच्या भिंतींना बाहेरून दिलेले दणकट टेकू पाहून मला आधी किल्लाच वाटला! आवारातल्या ख्रिस्ती कला संग्रहालयात पेलिकन पक्ष्याच्या आकाराचं पात्र आहे. जन्मभर चित्रकला शिकवली, पण त्या पंखांसमोर अर्धा तास नुसता उभा राहिलो. शाळांच्या सहलींत या मठासाठी दोन तास राखून ठेवावेत, एवढीच विनंती.

— एक निवृत्त चित्रकला शिक्षक