मोल्ड रूममधल्या मामांना

आदरणीय मामा,

साष्टांग नमस्कार.

हे पत्र तुम्ही स्वतः वाचणार नाही, हे मला ठाऊक आहे. चष्मा सापडत नाही म्हणाल आणि धाकटीच्या हातात फोन द्याल. तर धाकटे, सावकाश वाच, आणि मामी स्वयंपाकघरात असतील तर त्यांनाही बाहेर बोलाव. डब्याबद्दल पुढे येणार आहे.

तुम्ही हॉस्पिटलच्या मोल्ड रूममधून, म्हणजे किरणोपचारासाठी पेशंटचे मास्क आणि ब्लॉक घडवायच्या खोलीतून, रिटायर झालात ते मला बॅचच्या ग्रुपवर आलेल्या फोटोतून कळलं. शाल, श्रीफळ, आणि हात कुठे ठेवावेत ते न कळलेले तुम्ही. मी फोन करणार होते. पण फोनवर तुम्ही "बरंय बरंय, जेवलीस का?" एवढंच बोलून ठेवून देता. शिवाय जे सांगायचं ते चारचौघांत सांगायचं आहे, कारण एकदा ते चारचौघांसमोरून खोडलं गेलंय. शेवटच्या वर्षी प्रोजेक्टच्या ऋणनिर्देशात मी तुमचं नाव टाकलं होतं. "हे टीचिंग स्टाफपुरतं ठेवा" असं सांगण्यात आलं आणि मी मुकाट्याने ती ओळ काढली. सबमिशनची तारीख जवळ होती, वगैरे. तुम्हाला हे कधी सांगितलं नाही. बाइंडिंग केलेली ती प्रत आजही घरी कपाटात आहे आणि ते पान मी उघडत नाही.

मी परभणी जिल्ह्यातल्या, जिंतूरजवळच्या खेड्यातून आले तेव्हा रेडिओथेरपी म्हणजे काय ते मलाच धड माहीत नव्हतं. नीटमध्ये एमबीबीएसपुरते मार्क पडले नाहीत, पॅरामेडिकलच्या यादीत हे नाव दिसलं, भरून टाकलं. गावात सगळ्यांचा एकच प्रश्न: "म्हणजे एक्स-रे काढणार होय?" फोटो काढणं वेगळं आणि किरणांनी कॅन्सरच्या गाठीतल्या पेशींचा डीएनए तोडणं वेगळं, हे मी आजही प्रत्येक लग्नात कुणाला ना कुणाला समजावत असते. पेशंटचं बरं असतं, ते सरळ "लाईट घ्यायला आलो" म्हणतात. कुणी "शेक" म्हणतं. तुम्ही कधी कुणाचा शब्द सुधारला नाहीत. "किती शेक झाले आजी?" असंच विचारायचात.

पहिल्या सेमिस्टरला फिजिक्स माझ्या डोक्यावरून जात होतं. मराठी माध्यम, आणि पुस्तक सगळं इंग्रजीत. इन्व्हर्स स्क्वेअर लॉ (अंतर वाढलं की किरणांचा जोर अंतराच्या वर्गाने घटतो) मी तोंडपाठ केला होता, म्हणजे न कळता. जुन्या कोबाल्ट मशीनवर सोर्सपासून, म्हणजे किरण सोडणाऱ्या कोबाल्टपासून, कातडीपर्यंतचं अंतर ८० सेंटिमीटर धरायचं असतं. तुम्ही एकदा टेबल एक सेंटिमीटर खाली घेतलंत आणि विचारलंत, "आता शंभर रुपयातले किती गेले?" मी गप्प. "गणित कर की. ऐंशी भागिले एक्क्याऐंशी, त्याचा वर्ग." कॅल्क्युलेटरवर साडेसत्त्याण्णव आलं. "अडीच रुपये. एका बोटाच्या रुंदीएवढी चूक आणि पेशंटचे अडीच रुपये आपण खाल्ले." त्या दिवसापासून तो नियम मी कधी पाठ केला नाही.

कोबाल्टच्या घटत जाणाऱ्या जोराचंही तसंच. रुपयातला एक पैसा दर महिन्याला झडतो, सव्वापाच वर्षांत आठ आणे उरतात. दहावी झालेला माणूस हे मला सांगत होता आणि व्हायव्हाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं. मी जवळजवळ "आठ आणे" म्हणून गेले होते.

तुमचे वडील गिरणीत होते. १९८२च्या संपात घर बसलं तेव्हा तुम्ही सतरा वर्षांचे. पुढे शिक्षण नाही, मिळेल ते काम, आणि मग हॉस्पिटलात हेल्पर. हे सगळं तुम्ही मला एकदाच, तेही शिसं वितळवताना सांगितलंत. शिसं म्हणजे आपली ती मिश्रधातू: बिस्मथ, शिसं, कथील, कॅडमियम. ७० अंशाला वितळते, म्हणजे चहाच्या आधणापेक्षाही थंड असताना. गरम तारेने थर्माकोल कापायचा, त्या पोकळीत ओतायची, आणि पेशंटच्या फिल्मवर डॉक्टरांनी काढलेल्या रेषेबरहुकूम ब्लॉक तयार. किरण लागू नयेत म्हणून फुप्फुस झाकायचं, मणका झाकायचा. लिनॅक, म्हणजे किरणांचं नवं मशीन आलं, त्यात मल्टिलीफ कोलिमेटरची धातूची पानं आपोआप सरकून तेच काम करू लागली आणि तुमचं भांडं बहुतेक दिवस थंडच राहू लागलं. तुम्ही कुरकुर केली नाहीत. पण भांडं पुसून ठेवायचात, दर सोमवारी.

आणि मास्क! शेक घेताना पेशंटचं डोकं हलू नये म्हणून लावायच्या थर्मोप्लास्टिक मास्कवर पुस्तकात दीड पान आहे. तुमच्याकडे मी दीड वर्ष शिकले. पांढरी जाळीदार शीट ७० अंशाच्या पाण्यात सोडायची, दोन-तीन मिनिटांत ती लोळागोळा होते, उचलून पंच्यावर टिपायची, आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघायची, मगच चेहऱ्यावर ओढायची. दोन्ही बाजूंनी सारखी, नाहीतर एका गालावर पातळ होते. नाकाच्या दांड्यावर, हनुवटीखाली, कपाळावर बोटांनी दाबत जायचं. मग गार होईपर्यंत थांबायचं. ह्या थांबण्यात सगळे फसतात, मीही फसले. घाईने काढला की तो आकसतो आणि दुसऱ्या दिवशी पेशंटचं नाक चेंगरतं.

बार्शीकडच्या त्या आजी आठवतात? गालाच्या आत गाठ, आयुष्यभर मिश्री लावलेली. (आमच्याही घरात आजी मिश्री लावायची. गुटख्यावर २०१२ साली राज्यात बंदी आली, पण तव्यावर भाजलेल्या तंबाखूला कोण बंदी घालणार.) तो जाळीचा मास्क बघून त्या टेबलावरून उठूनच बसल्या. "तोंड बांधून मारता का काय रं?" मी घाईघाईने 'इमोबिलायझेशन' मराठीत कसं सांगावं ह्याचा विचार करत होते. तुम्ही फडताळातून तुमच्याच तोंडाचा जुना मास्क काढलात, स्वतः चढवून दाखवलात आणि आतून म्हणालात, "आज्जी, तव्यावरची पोळी गालाला लागल्यागत वाटंल. तेवढंच." त्या हसल्या. मग झोपल्या. उत्तरेकडचा पेशंट असला की तुमचं "आँख बंद, मुँह बंद, टेन्शन भी बंद" सुरू व्हायचं. पण त्या आजींना तुम्ही तोंड बंद म्हणाला नाहीत, हे मी नीट पाहिलं होतं.

३५ शेक, आठवड्याचे पाच, सात आठवडे. चौथ्या आठवड्यात त्यांच्या तोंडात फोड आले, पाणीसुद्धा झोंबायला लागलं, मास्क गालावर सैल पडू लागला आणि एका सोमवारी त्या आल्याच नाहीत. नातू म्हणाला, घरी घेऊन जातो. डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये मधे खाडा पडला की गाठ पुन्हा उचल खाते, एकेक दिवस महाग पडतो, हे मला लेक्चरमध्ये सांगितलं होतं. तुम्ही ते भिंतीवरच्या कालनिर्णयावर मांडून ठेवलं होतं. प्रत्येक जोडसुट्टीला लाल गोल, आणि गोलाशेजारी कुणाकुणाचा शेक शनिवारी भरून काढायचा त्यांचे फाईल नंबर. असं करा म्हणून तुम्हाला कुणीही सांगितलेलं नव्हतं. त्या सोमवारी संध्याकाळी तुम्ही दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत गेलात, कारण आजी तिथे उतरल्या होत्या. काय बोललात ते माहीत नाही. मंगळवारी आजी रांगेत होत्या, हातात मामींनी दिलेला भाताच्या पेजेचा डबा.

मामी, तोच डबा. रविवारी आमची मेस बंद असायची आणि तो माझ्याकडे यायचा. त्यात कधी वांगं नसायचं, कारण मी एकदा नको म्हणाले होते. हे मला खूप उशिरा लक्षात आलं.

आता ते हेडरेस्टचं, म्हणजे मास्क लावताना पेशंटच्या डोक्याखाली ठेवायच्या उशीचं. ते लिहायचं नव्हतं, पण मग पत्राला अर्थ राहत नाही.

इंटर्नशिपचा तिसरा महिना. मी मास्क केला 'सी' नंबरच्या हेडरेस्टवर, सीटी स्कॅनही त्यावरच झालं, आणि मास्कवरच्या पट्टीवर व सेटअप शीटवर लिहिलं 'बी'. पहिल्या शेकच्या दिवशी कागदाप्रमाणे बी लावला. मास्क बसेना. मी जोर लावला आणि मास्कची कुलपं कट्ट करून बसली. तुम्ही पहिल्या दिवशी फिटिंग बघायला यायचातच. आलात, वाकलात, हनुवटीखाली करंगळी घातलीत. ती सहज आत गेली. "काढ."

मला तत्क्षणी कळलं. आणि मी तुमच्या कानाशी म्हणाले, "मामा, हेडरेस्ट बदलू या, कागद मी नंतर दुरुस्त करते." पेशंटला काही झालं नव्हतं, बटण दाबलं गेलं नव्हतं, बाहेर वीस जण बसले होते. तुम्ही पेशंटला उठवून बसवलंत, पाणी दिलंत आणि मला म्हणालात, "कागद आधी. चल."

किरणांचा हिशेब बघणाऱ्या फिजिसिस्ट सरांनी सीटीच्या वेळचे फोटो शोधून काढले, हेडरेस्ट ताडून पाहिला, कुठल्या शीटवर काय लिहिलंय ते सगळं तपासलं. चाळीस मिनिटं गेली. रजिस्टरमध्ये माझ्या नावाने नोंद झाली. बोलणी खाल्ली. तुम्ही तिथेच उभे होतात, दाराला टेकून, एक शब्द न बोलता. मला तेव्हा तुमचा राग आला होता, मामा. खरंच सांगते. वाटलं, सांभाळून घेता आलं असतं.

संध्याकाळी तुम्ही कटिंग चहा मागवलात आणि खालच्या कप्प्यातून एक ब्लॉक काढून माझ्या हातात दिलात. हात खाली गेला, इतका जड. १९९१ सालचा. ट्रेवर डावा-उजवा उलटा बसवलेला. एक शेक तसाच गेला होता. दुसऱ्या दिवशी तुमच्याच लक्षात आलं आणि तुम्हीच जाऊन सांगितलंत. डॉक्टरांनी पुढचं गणित बसवलं, पेशंटला काही त्रास झाला नाही. ब्लॉक वितळवून पुन्हा वापरायची पद्धत होती, बाकी सगळे वितळले. हा तुम्ही ठेवलात. "मला कोण काय बोललं ते आता आठवत नाही," म्हणालात. "हा आठवतो." आणि चहा पिऊन झाल्यावर तो परत कप्प्यात.

तो ब्लॉक रिटायर होताना घरी नेलात का? मला विचारायचं होतं. तो भंगारात गेला असेल ह्या कल्पनेने मला रात्री नीट झोप आली नाही, हे हास्यास्पद आहे हे मान्य करूनही.

आमच्याकडे दरवर्षी ८ नोव्हेंबरला रेडिओग्राफी डे व्हायचा. १८९५ साली त्याच दिवशी राँटगेनला एक्स-रे दिसले म्हणून. स्टेजवर डॉक्टर, फिजिसिस्ट, टेक्नॉलॉजिस्ट, सगळ्यांना एकेक गुलाब. मोल्ड रूममधून कुणाला बोलावल्याचं मी चार वर्षांत पाहिलं नाही. तुम्ही मागे पेढ्यांचे बॉक्स मोजत असायचात. ह्याबद्दल तुम्हाला काही वाटत नसेल. मला वाटतं.

आता मी मराठवाड्यातच एका केंद्रावर आहे. लिनॅक आहे, सीटी सिम्युलेटर आहे, रांगही आहे. मोल्ड रूम म्हणजे जिन्याखालची खोली, त्यात पाण्याची टाकी आणि एक स्टूल. दोन इंटर्न माझ्या हाताखाली आहेत. त्यातला एक परवा म्हणाला, "मॅडम, तुम्ही मास्कवर हेडरेस्टचा नंबर तीन ठिकाणी का लिहिता?" मी त्याला म्हटलं, चहा मागव, सांगते. आणि तुमची गोष्ट सांगितली, ब्लॉकची आणि माझीही. त्याला तुमचं नावही सांगितलं. इथे लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही.

ट्रीटमेंट संपली की शीट निर्जंतुक करून तुम्ही पुन्हा पाण्यात सोडायचात. चेहरा हळूहळू सपाट होत जायचा, आधी नाक, मग हनुवटी, आणि दोन मिनिटांत कोरी जाळी. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला कसंतरीच झालं होतं. तुम्ही म्हणाला होतात, "बरा होऊन गेला ना? मग त्याचं तोंड इथं कशाला?" बार्शीच्या आजींचा मास्क मात्र तुम्ही मला पाण्यात सोडू दिलात, शेवटच्या शेकनंतर, त्या बाहेर बाकावर बसलेल्या असताना.

जाता जाता एक. निघायच्या दिवशी गडबडीत तुमचा तो सोलापुरी पंचा माझ्या बॅगेत आला. चोरला असं म्हणा. शीट टिपायला त्याच्याइतकं काही चालत नाही, इथले टॉवेल धागे सोडतात. कडेला एक भोक पडलंय, बाकी चांगला आहे. दिवाळीला मुंबईत येतेय, परत हवा असेल तर आणते. नको असेल तर तसं सांगू नका, नुसतं "जेवलीस का?" म्हणा, मी समजेन.

मामींना नमस्कार, धाकटीला आशीर्वाद.

तुमची,
परभणी
(तुम्ही ह्याच नावाने हाक मारायचात, म्हणून)