लाल सुताच्या खुणेबद्दल आभार

ती. स्व. नानांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र तुम्हाला आहे, पण मुद्दाम सगळ्यांपुढे लिहितोय. ऑक्टोबर आला की पेनसिल्व्हेनियात हरणाच्या शिकारीचा धनुष्यबाणाचा हंगाम उघडतो आणि आपल्या मराठी मंडळींत दरवर्षी नवा कोणीतरी तोच प्रश्न घेऊन येतो: स्टँड, म्हणजे झाडावर बसायचं मचाण, किती फुटांवर बांधू? सगळीकडे वीस हे उत्तर तयार असतं. तुम्ही आकडा न सांगता उलट विचारलंत, "हरीण कुठून येणार, वारा कुठे जाणार आणि तुझ्या पाठीमागे काय आहे?" एवढं कळल्याशिवाय फूट मोजू नयेत, हे आम्हाला तुमच्यामुळे कळलं. त्याचे आभार मानायचे राहूनच गेले होते.

तुम्ही दिलेली ती दोरी अजून वापरात आहे. धनुष्य वर ओढून घ्यायची साधी तीस फुटी दोरी. दर फुटाला पांढऱ्या सुताचे चार-पाच वेढे आणि अठराव्या फुटावर लाल सूत. गाठी का नाहीत, तर गाठ फांदीच्या बेचक्यात अडकते आणि खालचं धनुष्य झाडाला आपटतं. स्टँड बसवताना टोक जमिनीला टेकवायचं आणि पाय ठेवायच्या फळीशी कुठलं सूत येतं ते बघायचं. लोक अंदाजाने उंची सांगतात ना, ती जवळजवळ नेहमीच चुकते. खालून बारा फूट फार वाटत नाहीत, वर चढल्यावर तेच पंचवीस वाटतात. शिडीच्या स्टँडवर 'वीस फूट' छापलेलं असलं तरी काही उत्पादक ते माप पुढच्या आडव्या दांडीपर्यंत धरतात. पाय असतात त्याच्या दोन-तीन फूट खाली. म्हणून माप फळीपासून, आणि दोरीनेच.

लाल खूण अठरालाच का, याचं गणित तुम्ही वहीच्या पानावर मांडून दाखवलं होतं. नव्यांसाठी ते इथे उतरवतो. उभं राहून सोडलेला बाण फळीच्या पाचेक फूट वरून निघतो, हरणाची फुप्फुसं जमिनीपासून अडीच फुटांवर धरायची. म्हणजे अठरा फुटांच्या स्टँडवरून बाण साडेवीस फूट खाली उतरतो. हरीण वीस यार्डांवर (यार्ड म्हणजे तीन फूट) असेल तर हा कोन १९ अंशांचा, दहा यार्डांवर ३४ अंशांचा. स्टँड तीस फुटांवर नेला की हेच आकडे २८ आणि ४७ होतात. आता छाती फूटभर रुंद धरा. अठरा फुटांवरून, वीस यार्डांवर बाण छातीच्या या बाजूने शिरून त्या बाजूला निघेपर्यंत चार इंच खाली येतो. दोन्ही फुप्फुसं सहज मिळतात. तीस फुटांवरून, दहा यार्डांवर तो तेरा इंच खाली येतो. वरच्या बाजूला जरा चुकलं की एकच फुप्फुस सापडतं, आणि एका फुप्फुसावर हरीण फार लांब जातं. शिवाय बाण पोटाखालून बाहेर निघाला नाही, तर वरच्या भोकातून रक्त फारसं पडत नाही आणि माग लागत नाही. उंच बसून हरणाला दिसलो नाही, पण हरीण हातचं गेलं, अशा तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं.

याच हिशेबात तुमची दुसरी सूचना येते: स्टँड हरणाच्या वाटेच्या डोक्यावर बांधू नका. पाच यार्डांवरून जाणारं हरीण सोपं वाटतं, पण अठरा फुटांवरूनसुद्धा तो कोन ५४ अंशांच्या घरात जातो. झाड वाटेपासून पंधरा ते वीस यार्ड लांबचं घ्यावं. आणि नेम वरून धरताना बाण शिरायची जागा बघायची नाही, पलीकडे निघायची जागा बघायची. तिथून उलट रेघ ओढायची.

अंतराची भीती मात्र लोक उगाच बाळगतात. अठरा-वीस फुटांवरून वीस यार्डांवरच्या हरणापर्यंत तिरकी रेघ मोजली तर फरक दीड यार्डाच्या आतच राहतो. तीस फुटांवरून दहा यार्डांचे तिरके पंधराच्या जवळ जातात. तिथे कोन धरून आडवं अंतर सांगणारा रेंजफाइंडर हवा. खरी चूक शरीराची असते. खाली नेम धरायला माणूस हात खाली करतो, गालावरची पकड सुटते, बाण वरून जातो. धनुष्य आधी समोर सरळ ताणायचं आणि मग कमरेतून वाकायचं, हे घराच्या डेकवरून हार्नेस (पडू नये म्हणून अंगावर घालायचे पट्टे) घालून शंभर बाण मारल्याशिवाय अंगात येत नाही.

उताराबद्दल तुम्ही सांगितलं नसतं तर आम्ही अजूनही डोंगरात वीस फूट मोजत बसलो असतो. इथे ॲपलाचियन पट्ट्यात सपाट जागा आहे कुठे? उताराला दर चार फुटांना एक फूट चढ असेल, तर वीस यार्ड वरच्या अंगाला जमीन पंधरा फूट उंच होते. खोडाशी वीस फुटांवर असलेला स्टँड तिथल्या हरणासाठी अवघ्या पाच फुटांवर असतो. म्हणजे समोरासमोर, जवळपास डोळ्याला डोळा! अशा जागी आणखी वर चढून उपयोग नाही, झाडच बदलायचं. वाटेच्या वरच्या अंगाचं झाड घ्या, म्हणजे हरीण खालून जाईल. मग बारा फूटही सत्तावीस फुटांसारखे काम करतात. फक्त कोन पुन्हा मोजून घ्या, कारण तिथे बाणही सत्तावीस फुटांवरूनच खाली येणार.

लपण्याचा प्रश्न उंचीपेक्षा पाठीचा आहे. इथल्या व्हाइटटेल जातीच्या हरणाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्याला जवळजवळ मागचंही दिसतं. लाल-नारिंगी रंग त्याला नीट ओळखू येत नाहीत, निळा मात्र चांगला दिसतो. म्हणून जीन घालून स्टँडवर चढणाऱ्याला तुम्ही हसता ते बरोबरच आहे. हालचाल तर ते कुठल्याही रंगात टिपतं. मागे मोकळं आकाश असेल तर पंचवीस फुटांवरही माणसाची आकृती काळी उमटते. मागे जाड खोड, दुसरं झाड किंवा हेमलॉकचा गडद हिरवा पडदा असेल तर पंधरा फूट पुरतात. पानं हा हंगामाचा हिशेब आहे. ऑक्टोबरमध्ये सगळं दाट असतं, तेव्हा फार वर गेलं तर पानांमुळे आपल्यालाच खालचं काही दिसत नाही. नोव्हेंबरच्या मध्यावर, नर माजावर असतात नेमके तेव्हा, रान उघडं पडतं. ओक आणि बीच मात्र वाळलेली पानं बराच काळ सोडत नाहीत. उशिराच्या हंगामासाठी तीच झाडं आधी हेरून ठेवावीत.

इथे एक मतभेद नोंदवतो, रागावू नका. पानगळीनंतरही तुम्ही अठराच्या वर जायला तयार नसता. मागे आडोसा मिळत नसेल आणि वाट वीस यार्डांच्या पलीकडे असेल, तर बावीस-तेवीस फूट आम्हाला पटतात, कारण त्या अंतरावर कोन फारसा बिघडत नाही. त्याच्या पुढे मात्र आम्हीही तुमच्याच बाजूचे.

वाऱ्याचं सांगताना तुम्ही जी युक्ती दिलीत तिने आमच्यातल्या प्रत्येकाला लहानपण आठवलं. इथलं मिल्कवीड हे आपल्या रुईचं भावंड. त्याच्या शेंगा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तडकतात आणि आतून तीच म्हातारी निघते. चार-पाच म्हाताऱ्या खिशात ठेवून स्टँडवरून एकेक सोडायची. वारा बघायची पावडरची बाटली हाताजवळचा वारा दाखवते, म्हातारी साठ-सत्तर यार्डांवर वारा कुठे वळतो ते दाखवते. सकाळी ऊन लागलं की उतारावरची हवा वर चढते आणि वास डोक्यावरून निघून जातो. संध्याकाळी गार हवा खोडावरून खाली घसरते आणि ओढ्याकडे वाहते. हरीणही बहुतेक तिकडूनच येतं. म्हणून सकाळचा स्टँड आणि संध्याकाळचा स्टँड एकाच झाडावर क्वचितच जमतो. उंच गेलं की वास लागत नाही ही समजूत अर्धीच खरी आहे. वास जमिनीला थोडा पुढे जाऊन टेकतो, एवढंच. जिथे टेकतो तिथे हरीण नसावं, हे बघावं लागतं.

झाडाची निवड सांगताना तुमचा आवाज चढतो, आणि तो चढायलाच हवा. ॲश या झाडाला स्टँड लावायचाच नाही. एमराल्ड ॲश बोरर ही कीड या राज्यात २००७ साली सापडली, तेव्हापासून ॲशची झाडं उभ्या उभ्या मरतायत आणि मेलेला ॲश विलक्षण ठिसूळ होतो. हिवाळ्यात पानं नसताना मेलेलं झाड ओळखता येत नाही, म्हणून झाड उन्हाळ्यातच पाहून ठेवायचं. शॅगबार्क हिकरीची साल पट्ट्यापट्ट्यांनी सुटते, स्टँडचा पट्टा तिच्यासकट घसरतो. बीचची साल गुळगुळीत असते, ओली असली की क्लाइंबर स्टँडचे, म्हणजे खोडावरून सरकवत वर न्यायच्या स्टँडचे, दात धरत नाहीत. खोडाचा घेर वर जाताना कमी होतो, त्यामुळे खाली समतल लावलेला क्लाइंबर वर पोचेपर्यंत पुढे झुकतो. खाली असतानाच त्याचं पुढचं टोक थोडं वर ठेवायचं.

सरकारी जमिनीवर झाडाला इजा होईल असं काहीही चालत नाही. स्क्रूच्या पायऱ्या नाहीत, खिळे नाहीत, बाणाला मोकळी रेघ मिळवायला फांद्या तोडणं नाही. खासगी जागेतही मालकाची लेखी परवानगी हवी. त्यामुळे उंची ठरवताना आहे त्या फांद्यांमधूनच वाट शोधावी लागते, आणि दोन फूट खाली आल्यावर ती बऱ्याचदा सापडते.

बंदुकीच्या हंगामात उंचीचं महत्त्व निम्म्यावर येतं. हरीण शंभर यार्डांवर असेल तर बारा फूटही खूप झाले. तिथे उंचीचा खरा फायदा हा की गोळी खाली जमिनीत जाते. पण तेव्हा डोकं, छाती आणि पाठ मिळून २५० चौरस इंच फ्लोरोसंट नारिंगी अंगावर असावंच लागतं आणि ते चारी बाजूंनी दिसलं पाहिजे. क्रॉसबोवाल्यांनी (घोडा दाबून बाण सोडायचं आडवं धनुष्य) एक बघावं: बाण सुटताना धनुष्याची दोन्ही पाती झपकन पुढे जातात, ती दांडीला किंवा खोडाला लागता कामा नयेत.

आणि हार्नेस. उंचीच्या प्रश्नाला तुम्ही दिलेलं शेवटचं उत्तर हेच होतं: "जितक्या उंचीवर थंडीत, अंधारात, दमलेल्या पायांनी उतरता येईल तितकी." पडणं बसल्या जागी क्वचित होतं, चढताना-उतरताना आणि शिडीवरून फळीवर पाय टाकताना होतं. म्हणून जमिनीपासून वरपर्यंत लाइफलाइन (झाडाला बांधलेला सुरक्षेचा दोर), तिच्यावर प्रुसिक गाठ (हाताने सरकते, पण झटका बसला की आवळते) आणि पाय जमीन सोडायच्या आधी हुक अडकवलेला. चढताना चारपैकी तीन हातपाय कायम टेकलेले. शेवटची पायरी फळीच्या वर असावी, म्हणजे फळीवर उतरायचं, चढायचं नाही. हार्नेसचा झाडाला बांधायचा पट्टा डोक्याच्या उंचीवर बांधायचा. बसल्यावर तो ताठ राहिला पाहिजे, सैल राहिला तर तेवढं अंतर शरीर मोकळं पडतं. लटकावं लागलंच तर पाय लोंबकळत ठेवायचे नाहीत, पायाखालच्या पट्टीत उभं राहायचं, नाहीतर मांड्यांवरच्या पट्ट्यांनी रक्त अडतं आणि थोड्याच वेळात शुद्ध जाऊ शकते. हंगाम संपला की पट्टे काढायचे. झाड वाढतं आणि पट्टा ताणतो, उन्हाने धागा मरतो, खारी कुरतडतात. गेल्या वर्षी धरला म्हणून यंदा धरेल असं नसतं.

मचाण म्हटलं की तिकडे महाराष्ट्रातल्या माणसाला मेळघाट-ताडोबातली बुद्धपौर्णिमेची रात्र आणि पाणवठ्यावरची प्राण्यांची मोजणी आठवते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तिथे शिकारीचा प्रश्नच उरला नाही. पण फळी कुठे, किती वर आणि वारा कुणीकडे, हे तिथे चांदण्यात बसणाऱ्यालाही ठरवावं लागतं, असं तुम्ही म्हणाला होतात. त्यामुळे हे पत्र तिकडच्या कुणाच्या हाती लागलं तरी दोरीचा भाग उपयोगी पडेल.

कळावे, लोभ आहेच.

आपले,
पानगळीतले विद्यार्थी

ता. क. : तुमच्या दोरीचं खालचं टोक उसवलं होतं, ते जाळून बंद केलं. त्यात इंचभर गेलं. तेव्हा लाल सूत आता अठराला एक इंच कमी भरतं. तुमच्या कानावर दुसऱ्याकडून जाण्याआधी आम्हीच सांगतो.