नायकाच्या चुकाही छापा की

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत मुलांसाठी जुन्या इंग्रजी काव्यातल्या वीरांवर लेख आलाय तो वाचला. विषय घेतलात त्याबद्दल आधी थँक्स, कारण शेक्सपिअरच्या आधी इंग्रजीत काही होतं हे आपल्याकडे बऱ्याच जणांच्या गावीही नसतं. पण प्रत्येक गोष्टीखाली 'बोध' म्हणून जी चौकट टाकलीय तिच्याबद्दल तक्रार आहे. शूर व्हा, दिलेला शब्द पाळा, राजाशी निष्ठा ठेवा, शेवटी सत्याचाच विजय होतो. आता हे बोध कुठल्याही गोष्टीखाली चिकटवता येतात हो, त्यासाठी हजार वर्षं जुनं काव्य कशाला उकरून काढायचं? मी बरीच वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलंय आणि गाइडमध्येही हेच असतं, पोरं तेच पाठ करून पेपरात उतरवतात आणि मार्क पण मिळतात, म्हणून राहवलं नाही.

बेओवुल्फ या वीरावरच्या काव्याचंच घ्या. तुमच्या लेखात ग्रेंडेल हा राक्षस मेला, मग त्याची आई मेली, डॅनिश राजा ह्रोथगारने बक्षिसं दिली, संपलं. अहो पण काव्य 3182 ओळींचं आहे आणि हे सगळं 2200 ओळींच्या आतच उरकतं! पुढच्या जवळजवळ हजार ओळी गेल्या कुठे? त्यात बेओवुल्फ स्वतः राजा होतो, 50 वर्षं चांगलं राज्य करतो, आणि मग म्हातारपणी त्याच्या राज्यात कोणीतरी ड्रॅगनच्या खजिन्यातला एक प्याला चोरतो आणि ड्रॅगन चिडून गावंच्या गावं जाळायला लागतो. लाकडी ढाल आगीत टिकणार नाही म्हणून राजा लोखंडी ढाल बनवून घेतो (म्हणजे डोकं ठिकाणावर आहे त्याचं), पण सोबतच्या लोकांना सांगतो की हे काम तुमचं नाही, माझ्या एकट्याचं आहे, तुम्ही बाजूला थांबा. मग ऐन वेळी तलवार दगा देते, सोबतचे निवडक लोक जंगलात पळून जातात, एकटा तरुण विग्लाफ मदतीला धावतो. ड्रॅगन मरतो पण राजाही मरतो.

आणि खरी गंमत त्यानंतर आहे. हाच विग्लाफ, जो एकटा थांबला होता, तोच म्हणतो की एका माणसाच्या मर्जीपायी पुष्कळांना भोगावं लागतं, आम्ही सांगत होतो ड्रॅगनच्या वाटेला जाऊ नका म्हणून, ऐकलं नाही. राजाच्या चितेपाशी एक बाई रडते, ती नुसती राजासाठी रडत नाही, आता शत्रू चाल करून येणार, आपली अब्रू जाणार, गुलामी येणार म्हणून रडते. खजिना परत मातीत पुरला जातो, पूर्वी जितका निरुपयोगी होता तितकाच पुन्हा निरुपयोगी. शेवटच्या दोन ओळींत कवी राजाचे गुण सांगतो, सगळ्यात सौम्य, सगळ्यात दयाळू, प्रजेशी सगळ्यात प्रेमाने वागणारा, आणि सगळ्यात शेवटी, कीर्तीसाठी सगळ्यात आसुसलेला. आता ही स्तुती की टोमणा यावर विद्वान अजून भांडतात. मला विचाराल तर दोन्ही. याला 'सत्याचा विजय' कसं म्हणायचं?

बरं राजाला आधी कोणी सावध केलं नव्हतं असंही नाही. ग्रेंडेलच्या आईला मारून आल्यावर भर दरबारात म्हातारा ह्रोथगार त्याला चांगलं लांबलचक सुनावतो, की बाबा रे गर्व करू नकोस, आज ताकद आहे पण आजार, तलवार, आग, पूर, म्हातारपण, काहीतरी एक दिवस येणारच. पोरांना बोधच द्यायचा होता तर हा तयार होता की, नेमका हाच गाळलात!

दुसरी गोष्ट मॉल्डनच्या लढाईची. सन 991, इंग्लंडमधलं एसेक्स. व्हायकिंग लोक, म्हणजे समुद्रावरून येणारे लुटारू, नदीतल्या बेटावर उतरलेत, मधे भरतीत बुडणारी अरुंद वाट आहे. ते म्हणतात पैसे द्या, आम्ही निघून जातो. एसेक्सचा सरदार बिर्टनॉथ सांगतो की खंडणी म्हणून भाले देऊ. इथपर्यंत टाळ्या! मग ओहोटी लागते, त्या वाटेवर तीन इंग्रज शिपाई शत्रूला अडवून धरतात, शत्रूला पाऊल टाकता येत नाही, आणि व्हायकिंग सरळ विनंती करतात की आम्हाला जरा अलीकडे येऊ द्या म्हणजे नीट लढता येईल. आणि हा पठ्ठ्या येऊ देतो! कवी स्पष्ट म्हणतो की गर्वापोटी दिलं. काही इतिहासकार त्याची बाजू घेतात, की तिथे लढला नसता तर ते जहाजांतून दुसरीकडे जाऊन लुटालूट करणारच होते, तेही पटण्यासारखं आहे. पण मग सरदार पडतो, गॉडरिक नावाचा माणूस सरदाराच्याच घोड्यावर बसून पळतो, लांबून लोकांना वाटतं सरदारच पळाला, फळी फुटते. जे उरले ते एकेक करून सरदाराच्या प्रेताभोवती लढत मरतात. त्यात एक म्हातारा शिपाई म्हणतो की ताकद जसजशी कमी होईल तसतसं मन अजून घट्ट झालं पाहिजे, ते वाक्य तुम्ही मोठ्या अक्षरात छापलंय, छानच आहे. पण ते वाक्य बोलायची वेळ कोणामुळे आली तेही छापा ना. आणि त्याच वर्षी इंग्लंडने व्हायकिंगांना 10,000 पौंड खंडणी मोजली हेही छापा, म्हणजे मुलांना विचार करायला काहीतरी मिळेल.

(या काव्याचं मूळ हस्तलिखित 1731 च्या लंडनच्या आगीत जळून गेलं, आधी कोणीतरी नक्कल करून ठेवली होती म्हणून आज वाचता येतं. बेओवुल्फची एकमेव प्रत पण त्याच आगीत कडेने होरपळली. हे मुलांना सांगितलं असतं तर चौकटीपेक्षा जास्त लक्षात राहिलं असतं.)

आर्थर राजाच्या दरबारातल्या सर गवेनबद्दल थोडंच लिहिते, कारण पत्र लांबलं. 'शब्द पाळणारा आदर्श वीर' हे तुमचं हेडिंग निम्मं खरं आहे. हिरव्या योद्ध्याचा कुऱ्हाडीचा घाव घ्यायला तो ठरल्याप्रमाणे जातो, बरोबर. पण वाटेत ज्या किल्ल्यात मुक्काम करतो तिथे मालकाशी ठरलंय की दिवसभरात जे मिळेल ते संध्याकाळी एकमेकांना द्यायचं, आणि मालकिणीने दिलेला जीव वाचवणारा हिरवा पट्टा हा गुपचूप ठेवून घेतो. आणि तो मालकच हिरवा योद्धा निघतो, म्हणून तर तिसऱ्या घावाला मानेवर ओरखडा उठतो! योद्धा म्हणतो, तुझं जिवावर प्रेम होतं म्हणून चुकलास, त्यासाठी मी फार दोष देत नाही. गवेन मात्र आधी स्वतःवर चिडतो, मग आदम, सॅमसन, सॉलोमन सगळ्यांना बायकांनीच फसवलं म्हणून बायकांवर घसरतो, म्हणजे पट्टा लपवला याने आणि बोल लावायचा बायकांना, वा रे वीर. आणि घरी आल्यावर आर्थरचा दरबार हे ऐकून हसतो आणि सगळेच तसला हिरवा पट्टा घालायला लागतात. तो लाजेची खूण म्हणून घालतो, ते मान म्हणून. कोण बरोबर ते कवी सांगतच नाही. तुमच्या चौकटीत यातलं काय मावणार?

माझं म्हणणं एवढंच, की पुढच्या भागात चौकट काढा आणि त्या जागी एक प्रश्न छापा, बिर्टनॉथने वाट सोडायला हवी होती का, असा. मुलं पत्रं लिहितील, मोठी माणसंही लिहितील.

आणि हो, चित्रकारांना सांगा की बेओवुल्फच्या डोक्यावर शिंगांचं हेल्मेट काढलंय ते चुकीचं आहे, शिंगांची हेल्मेटं 19व्या शतकातल्या चित्रांनी आणि नाटकांनी पॉप्युलर केली. काव्यात हेल्मेटवर रानडुकराची आकृती असते. पुढच्या भागात तेवढं दुरुस्त करून टाका.

आपली,
एक जुनी वाचक, सातारा
(नाव छापू नये)